पत्र्यावरचा शिकारी

गोंदियाच्या बाजारात काडतुसं विकणारं एक परवानेवालं दुकान होतं आणि त्याच्या दारावर दोन वर्षं माझं चित्र टांगलेलं होतं. चांगली हातभर पत्र्याची पाटी. तीवर खाकी कोट घातलेला, सोला टोपीवाला एक गृहस्थ, आणि त्याचा एक बूट मेलेल्या वाघावर. वाघ माझा नव्हता. मी मारला होता तो बिबट, तोही अंगानं बेताचाच. कलकत्त्याच्या चित्रकारानं त्याच्या ठिपक्यांवर पट्टे ओढले आणि शेपटीसकट त्याला वाढवून दिलं. मलाही त्यानं बरंच उजळ केलं. मिशी त्याच्या मनची. बूट मात्र हुबेहूब उतरले होते, कारण बूट कंपनीचे होते.

धानाच्या अडतीवर काम करणारा एक हमाल मला त्या पाटीखाली गाठून म्हणाला होता, "मालक, हा तुमचा थोरला भाऊ का?"

"मीच आहे रे तो."

"मंग काऊन असे वाळून राहिले?"

हे सगळं महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधीचं. आमच्या घराण्याचा पिढीजात उद्योग तळी बांधायची आणि धान पिकवायचं. आमच्या गावच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरत आणि बदकांमागून साहेब लोक उतरत. एका साहेबाला चार बदकं मारायला तंबू, खानसामा, घडीचं टेबल, अंघोळीचा टब आणि सामान वाहायला निम्मं गाव लागे. मी नागपुरास कॉलेज करून पुस्तकांची पेटी घेऊन घरी परतलो होतो. काठावर बसून हा थाट बघायचा आणि संध्याकाळी घरच्यांना त्याची नक्कल करून दाखवायची, ही माझी करमणूक होती. वडील हसत, पण म्हणत, "तुले कोणी असा कोट देला ना, तर तू पण घालशील."

तो देणारा आला. वासरं उचलणारा बिबट मी तळ्याच्या पाळीवर मारला, त्याची बातमी कशी कोण जाणे नागपूरपर्यंत गेली, आणि महिन्याभरात कलकत्त्याच्या एका काडतूस कंपनीचा एजंट पॅसेंजरमधून उतरून छकड्यातून आमच्या दारात हजर झाला. चाळिशीचा, पान खाणारा, गोड बोलणारा माणूस. पहिल्याच जेवणाला आमच्या घरच्या तांदळाची त्यानं इतकी तारीफ केली की आईनं त्याला तिसऱ्यांदा वाढलं. दुसऱ्या भेटीत तो आईला "माँजी" म्हणू लागला आणि मला "भाईसाब". पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही घरचा तांदूळ पाठवला.

त्याचं म्हणणं सोपं होतं. कंपनी मला एक दुनळी बंदूक वापरायला देईल. कोट, बूट, टोपी, पट्टा देईल. दर हंगामाला काडतुसांचे लाल डबे देईल. मी काही विकायचं नाही.

"तो करना क्या है?" मी विचारलं.

"कुछ नहीं, भाईसाब. बस दिखना है."

पगार नव्हता. असता तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. चाकरीचा अपमान ओळखायला मी शिकलो होतो. मानातला अपमान ओळखता येत नव्हता.

दिसायचं म्हणजे काय, ते हळूहळू समजलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडया भरतात. दुकानं, पाळणे, आणि दंडारीचा नाच. एजंटच्या सांगण्यावरून मी मंडयांना कोट घालून जाऊ लागलो. खाकी रंग जंगलात लपण्यासाठी असतो, पण या कोटाच्या छातीवर कंपनीचा पितळी बिल्ला होता. तो इतका लखलखे की धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, पलीकडचं हरीणसुद्धा सावध व्हावं. मला पहिल्या ओळीत बसवत. दंडारीतला सोंगाड्या नाचता नाचता माझ्यापुढे येऊन थांबे आणि म्हणे, "साहेब, गोळी नोका घालू, मी डुक्कर नाही, पाटलाचा जवाई आहो!" लोक लोटपोट होत. मीही हसत असे. त्या हसण्यातच कंपनीचं काम होऊन जात होतं. घरी जाताना चार माणसं विचारत, "ते लाल डब्यातले काडतूस बरे असतात का हो?"

"माझं तर एकही फुसकं गेलं नाही," मी सांगत असे. अक्षरशः खरं होतं. चितळ असो, डुक्कर असो, पावसाळी हवा असो, माझं काडतूस कधी मुकं राहिलं नाही.

एजंट एकच गोष्ट दरवेळी बजावी. "अपना डिब्बा आप ही चलाइए, भाईसाब. बाँटिए मत." मला वाटे, फुकटचा माल मी वाटत सुटेन ही कंपनीची काळजी. व्यापारी माणसाचा एवढा चिकटपणा समजण्यासारखा होता.

कधी कधी तक्रार यायची. कोणी म्हणे, दोन उडाली आणि तिसरं नुसतं खट्ट झालं. एजंटला विचारलं तर तो म्हणे, लोक काडतुसं ओलीत ठेवतात, चुलीच्या धुरात टांगतात, मग दोष आम्हाला. पटण्यासारखं होतं. माझा डबा आणि त्यांचा डबा एकाच रंगाचा, एकाच छापाचा. माझा चालतो आणि त्यांचा चालत नाही, म्हणजे ठेवणारा हात वेगळा. मी लोकांना सांगू लागलो, काडतूस कोरड्या तांदळात पुरून ठेवा. लोक ठेवू लागले.

माझी थोरली बहीण दरेकशाच्या डोंगरापायथ्याच्या गावी दिलेली होती. तिच्या नवऱ्याला, आमच्या बोलीत भाटव्याला, मी भाऊजी म्हणत असे आणि तो मला दर भेटीत साळा असल्याची आठवण करून देत असे. त्यांच्या बांध्या थेट जंगलाला लागून. लोंब्या धरल्या की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि एका फेरीत वर्षाचं पोट तुडवून जायचा. राखण हीच त्यांची खरी शेती. भाऊजींकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. दारू ओतायची, गज मारून ठासायची, गोळी घालायची; एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर घरी जाऊन झोपे. पण तो एक बार हटकून निघे.

"भाऊजी, ही संग्रहालयात द्या," मी म्हणालो.

"अन् डुकराले काय तुझा फोटो दाखवू?"

"नवी घ्या. मोडून भरायची. दोन नळ्या, दोन बार."

"तुझ्या कंपनीचे काडतूस?"

"माझे कधी चुकले का?"

ते बहिणीला म्हणाले, "ऐकलं का वो? तुझा भाऊ सांगून राहिला. चुकलं तर त्याले पकडजो."

बहीण म्हणाली, "माहा भाऊ खोटं नाही बोलत." ती विनोदानं बोलली नव्हती. लहानपणापासून तिचं हे एक मत होतं, आणि माझ्याबद्दल इतकं ठाम मत दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

परवान्यावर एकच बंदूक ठेवता येत होती, म्हणून ठासणीची ठाण्यात जमा झाली. तिकडे तिचं काय झालं कोणाला कळलं नाही. नवी दुनळी आली. एक हंगाम ठीक गेला. कळप दुसऱ्या बाजूनं फिरला आणि बार काढायची वेळ फारशी आली नाही.

पुढच्या दसऱ्याला मी बहिणीकडे होतो. त्या गावात दसऱ्याला हत्यारांची पूजा गावकीची असते. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, बंदुका, सगळं पाटलाच्या अंगणात मांडायचं. बंदुकवाल्यांनी आपापली दारू आणि शिसं एका मोठ्या परातीत ओतायचं, तीवर कुंकू-तांदूळ टाकायचे, आणि पूजा झाल्यावर ज्याच्या हाताला जे येईल ते त्यानं न्यायचं. त्या परातीत आपलं-दुसऱ्याचं काही राहत नाही. निवडून घेणारा माणूस हलका समजतात. ठासणीच्या बंदुका गेल्या, एकाच मापाच्या, बारा बोअरच्या दुनळ्या-एकनळ्या आल्या, तेव्हापासून परातीत दारूऐवजी काडतुसं पडू लागली, रीत तीच राहिली.

मी पाहुणा, त्यातून पाटीवरचा शिकारी. माझी काडतुसं परातीत पडायला नकोत असं कोण म्हणणार? एजंटचं बजावणं मला आठवलं, पण देवापुढे "माझा डबा मीच वापरणार" म्हणणं जमलं नाही. डबा उपडा केला. बाकीच्यांचे डबेही लालच होते. सगळ्या तालुक्याला मीच ते पटवलं होतं. पाटलानं हात घालून पाचोळा ढवळावा तशी काडतुसं ढवळली आणि आम्ही ओंजळी भरून घेतल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हंगामाचा पहिला हाका. पोरं-बाया डबे बडवत एका बाजूनं जंगलात शिरतात आणि डुकरं दुसऱ्या बाजूनं बंदुकांसमोर येतात. मला नाल्याच्या वळणावर उभं केलं. माझ्या उजवीकडे भाऊजी, त्यांच्या पलीकडे गावचा सुतार त्याची एकनळी घेऊन.

एक मोठा, एकटा नर माझ्यासमोर आला. इतक्या जवळून की त्याच्या पाठीवरचा चिखल सुकलेला दिसत होता. मी घोडा ओढला. खट्ट. दुसरा ओढला. बार झाला, पण कोणीतरी उशी आपटावी तसा. गोळी डुकराला लागली की त्याच्यापुढे पडली, सांगता येत नाही. तो चिडला एवढं खरं. तो वळला आणि भाऊजींवर गेला.

भाऊजी जागचे हलले नाहीत. हलायची गरज नव्हती, त्यांच्याकडे दोन बार होते. मला दोन्ही खटके स्पष्ट ऐकू आले. मग डुक्कर त्यांच्यावर होतं.

सुतारानं पळत पुढे येऊन हाताच्या अंतरावरून बार काढला. तो मात्र असा गरजला की सगळं जंगल हललं, आणि डुक्कर तिथंच आडवं झालं. भाऊजींची मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. बहीण हाक्यातच होती. ती डबा टाकून आली. पदर फाडून मांडी आवळत तिनं एकदा वर पाहिलं. नवऱ्याकडे नाही, माझ्या बंदुकीकडे.

बाजेवर घालून दरेकशाला, तिथून गाडीनं गोंदियाच्या दवाखान्यात. पाय वाचला. पण गुडघा पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी पट्ट्यातली उरलेली काडतुसं मांडली. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. काहींचं पितळ कोरं होतं. बाकीच्यांच्या पितळेवर जुने ओरखडे, आणि त्यात ठिणगी पाडणारी नवी, चकचकीत टोपी बसवलेली. वापरून झालेली नळकांडी पुन्हा भरून, वर ताजा लाल कागद गुंडाळलेला. एक चाकूनं कापलं. आतली दारू ओल्या राखेसारखी. कोरं पितळ ते माझ्या डब्यातलं, ओरखडे दुकानातल्या मालाचे. सुताराच्या हाताला माझं आलं होतं, एवढाच काय तो फरक.

तरीही मला वाटलं की गफलत कलकत्त्याची असेल, आणि एजंट हे ऐकून हादरेल. आमच्या घरी तिसऱ्यांदा वाढून घेतलेला माणूस होता तो.

एजंट तेव्हा स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरला होता. मी दोन्ही प्रकारचं एकेक काडतूस त्याच्यासमोर ठेवलं आणि भाऊजींचं सांगितलं. तो खरोखर हळहळला. धर्मशाळेतल्या पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं. मग काडतुसं बाजूला सरकवून म्हणाला, "बाँट दिए ना आपने? मैंने कितनी बार कहा था."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"भाईसाब, दिखाने का माल अलग होता है, बेचने का अलग. विलायती माल सबको देंगे तो कंपनी खाएगी क्या?"

"और मैं?"

तो गोंधळला. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही, कारण त्यात लबाडी नव्हती. "आपको मालूम नहीं था?" तो म्हणाला. "सच में? मैं तो समझता था आप जानते हैं. कलकत्तेवालों को भी मैंने यही बोला, पढ़े-लिखे आदमी हैं, समझदार हैं, सब समझते हैं."

दोन वर्षं माझा मान ठेवणारा हा माणूस मला मनातून स्वतःच्याच जातीचा लबाड समजत होता, आणि ती त्याच्या दृष्टीनं प्रशंसा होती. माझ्या आईला माँजी म्हणतानाही तो एका भागीदाराच्या आईला म्हणत होता. फसवणाऱ्यानं आपल्याला मूर्ख समजलं तर माणूस निदान चिडू शकतो. मला तीही सोय नव्हती.

मी बंदूक, कोट, बूट तिथंच ठेवले. पाटी उतरवा म्हणालो.

"पाटी कंपनी की है, भाईसाब."

"तोंड माझं आहे."

"थोड़ा-सा," तो म्हणाला, आणि चहा पुढे केला.

चहा मी घेतला नाही. बाजारात गेलो. दुकानासमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो, हा माल घेऊ नका, नळकांडी जुनी आहेत, माझ्या भाऊजींचा पाय कामातून गेला. लोक थांबले, वरच्या पाटीकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं. जवळच्या मुर्री गावचा एक ओळखीचा शेतकरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कायले बोंबलून राहिले, मालक? हिश्श्यावरून बिनसलं का?" मी म्हटलं, हिस्सा कधी नव्हताच. तो समजुतीनं हसला. दुकानातून एक माणूस लाल डबा घेऊन बाहेर पडला आणि जाताना त्यानं मला रामराम केला.

दोन वर्षं मी खरं बोलत होतो आणि त्यावर खोटा माल खपत होता. आता खरं बोललो तर ते भांडण दिसत होतं. कंपनीनं चेहरा वापरला त्याचं मला इतकं वाटलं नाही. तो परत मिळाला तेव्हा कोणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

भाऊबिजेला बहिणीकडे गेलो. काडतुसांतला फरक मी दोघांना दवाखान्यातच दाखवला होता. दवाखान्यात ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, औषध कुठलं, गाडी किती वाजता. मी मनाशी म्हणत होतो, दमली आहे. घरी पोचलो तर भाऊजी ओसरीवर बाजेवर, पाय लाकडासारखा समोर. मागच्या आठवड्यात कळप येऊन गेला होता. बांधीत उतरायला भाऊजी नव्हते. बहीण आणि तिची जाऊ टिनाचा डबा बडवत राहिल्या, पण डब्याला डुकरं किती भिणार. लोंब्या चिखलात निजल्या होत्या.

भाऊजींनी मला बसू दिलं. पाणी पिऊ दिलं. मग सरळ विचारलं, "तुले मालूम होतं का गा?"

"नाही, भाऊजी."

"खरं?"

"तुमच्या पायाशपथ." तोंडातून निघून गेलं. ते आपल्या पायाकडे बघून हसू लागले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले असावेत. "ह्या पायाची शपथ कोण घेते, साळ्या! दुसऱ्याची घे!" मग डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे तुलेबी बनवलं. एवढं शिकून. चाला, बरं झालं. मी एकटाच बावळट नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच रडलो असतो. सगळ्या जगात एका माणसाचा माझ्यावर विश्वास होता आणि तो तोच होता ज्याचा पाय कामातून गेला होता.

चुलीपाशी बहीण भाकरी थापत होती. थापणं थांबलं. आतूनच ती म्हणाली, "एकट्या याचाच डबा चांगला, अन् एकट्या यालेच ठाऊक नाही."

"अवो, राहू दे ना," भाऊजी म्हणाले.

भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिचा हिशेब कोणाही शहाण्या माणसाचा हिशेब होता. मी तिच्या जागी असतो तर मलाही असंच वाटलं असतं. एजंटलाही असंच वाटत आलं होतं.

संध्याकाळी तिनं पाट मांडला. मला बसवलं, कुंकू लावलं, सुपारी आणि निरांजन ओवाळलं. रीतीत काही कमी केलं नाही. मी तबकात लुगडं ठेवलं. हिरवं, लाल काठाचं, तिला आवडतं तसलं. गोंदियाच्या बाजारातून त्याच आठवड्यात मी स्वतः निवडून आणलेलं. तिनं ते उचललं, काठ बोटांत धरून पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली.

"हे तुले कोणं देलं?" तिनं विचारलं.

"विकत घेतलं, बाई."

"बरं," ती म्हणाली, आणि निरांजन विझू नये म्हणून त्यावर हात धरून आत गेली.